चिठ्ठीमागचा हिशेब

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. या प्रत्येकाचे चार चार गुणही त्यानें दिले आहेत. त्यांत रोग्याचा पहिला गुण कोणता सांगितला असेल, याचा अंदाज फारच थोड्यांना करतां येईल. रोगी धीराचा असावा, वैद्याचें ऐकणारा असावा, आपली व्यथा नीट सांगणारा असावा, हें सर्व त्या यादींत आहेच. पण त्या सर्वांच्या आधीं जो शब्द येतो तो ‘आढ्य’ हा. आढ्य म्हणजे धनसंपन्न. रोग्याजवळ पैसा असावा, ही गोष्ट आपल्या जुन्या वैद्यकानें कसलाही संकोच न करतां पहिल्या स्थानीं लिहून ठेविली आहे. आजच्या वैद्यकाचे जाड ग्रंथ चाळले तर रोग्याच्या यकृताविषयीं, मूत्रपिंडाविषयीं, हृदयाविषयीं शेंकडों पानें सांपडतात. त्याच्या खिशाविषयीं मात्र क्वचितच एखादें पान आढळतें.

ही उणीव भरून काढूं पाहणारें एक शास्त्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत उदयास आलें आहे. त्याला आरोग्य-अर्थशास्त्र म्हणतात. औषधाची चिठ्ठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याचीं मूलतत्त्वें ठाऊक असलीं पाहिजेत. आणि ती चिठ्ठी घेऊन दुकानाची पायरी चढणाऱ्यालाही तीं समजलीं तर दोघांचेंही हित आहे. म्हणून आज त्यांचा थोडक्यांत परिचय करून देण्याचें योजिलें आहे.

हें शास्त्र मला कोणत्याही पुस्तकानें प्रथम शिकविलें नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं रक्तदाबाचा विकार असलेले एक निवृत्त कारकून माझ्याकडे येत असत. दोन गोळ्या चालू होत्या, पण दाब कांहीं केल्या उतरेना. मीं तिसरी, नवी आणि बरीच महाग अशी गोळी लिहून दिली. पुढच्या महिन्यांत पाहतों तों दाब पूर्वीपेक्षांही वाढलेला. मी चवथें औषध लिहिण्यासाठीं लेखणी उचलली, तेव्हां त्यांच्या पत्नी खालच्या आवाजांत म्हणाल्या, “डॉक्टर, हे गोळ्या एक दिवसाआड घेतात. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवाव्या लागतात.” गृहस्थ ओशाळून जमिनीकडे पाहूं लागले. खरें म्हणजे ओशाळावयास मीं पाहिजे होतें. मीं औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्यें मोजली होती. त्यांना ती रुपयांत मोजणें भाग होतें. एवढ्या महिन्यांत मीं त्यांना एकदांही विचारलें नव्हतें कीं हा खर्च आपणांस झेपतो ना? पुढें जुन्या, स्वस्त अशा दोनच गोळ्या ठेविल्या. त्या त्यांनीं नेमानें घेतल्या, आणि दाब उतरला. औषधाची किंमत ही त्याच्या कडूपणासारखीच त्याच्या अंगची गोष्ट आहे, आणि तिचेही दुष्परिणाम होतात, हा धडा मला त्या दिवशीं मिळाला.

आतां असें कां व्हावें याचा विचार करूं. आपण मंडईंत भाजी आणावयास जातों तेव्हां निवडणारे आपण, पैसे देणारे आपण आणि खाणारेही आपणच असतों. वांगीं किडकीं निघालीं तर दुसऱ्या दिवशीं त्या गाड्यावर आपण जात नाहीं. औषधाच्या बाबतींत ही सर्व व्यवस्था उलटीपालटी होते. निवड करतो डॉक्टर, गिळतो रोगी, पैसे देतो रोग्याचा मुलगा, विमा कंपनी किंवा सरकार, आणि नफा मिळतो चवथ्यालाच. शिवाय माल चांगला कीं वाईट, जरुरीचा कीं बिनजरुरीचा, हें घेणाऱ्याला घेतल्यानंतरही सहसा कळत नाहीं. कारण ताप औषधानें उतरला कीं उतरणारच होता म्हणून उतरला, हें तो कसें सांगणार? केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९६३ सालीं एका निबंधांत हीच गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीनें मांडली. वैद्यकसेवेचा बाजार अनिश्चिततेनें आणि ज्ञानाच्या विषमतेनें ग्रासलेला असतो, म्हणून इतर वस्तूंच्या बाजाराचे नियम त्याला जसेच्या तसे लागू पडत नाहींत, असें त्याचें प्रतिपादन होतें. आरोग्य-अर्थशास्त्राचा पाया पुष्कळ जण या निबंधांत पाहतात. त्याचा व्यवहारांतील अर्थ एवढाच कीं, डॉक्टर हा रोग्याचा मुखत्यार आहे. दुसऱ्याच्या थैलींतून खर्च करण्याचा अधिकार ज्याला मिळाला, त्यानें त्या थैलीचा हिशेब ठेवला पाहिजे.

येथें एक आक्षेप हटकून घेतला जातो. “जिवापुढें पैशाची काय मातब्बरी? डॉक्टरानें रोग्याकडे पाहावें, पैशाकडे पाहूं नये.” हा आक्षेप उदात्त वाटतो, आणि तो घेणाऱ्यांचा हेतूही चांगला असतो. परंतु त्यांत एक गोष्ट निसटते. पैसा हा केवळ पैसा नसतो. तो दुसऱ्या कशाचें तरी प्रतिरूप असतो. महिना दोन हजार रुपयांचीं शक्तिवर्धक औषधें ज्या घरांत येतात, त्या घरांतून दोन हजारांचें दूध, फळें, मुलाची शिकवणी किंवा आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया बाहेर जाते. इस्पितळाच्या अंदाजपत्रकांत एका महागड्या यंत्राला जागा दिली कीं तितक्याच पैशांत येऊं शकणाऱ्या परिचारिकांची जागा जाते. अर्थशास्त्रांत याला संधी-खर्च म्हणतात. एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यावर लिहिलेला आंकडा नव्हे. ती घेतल्यामुळें जी दुसरी उत्तम वस्तू सोडावी लागली, ती तिची किंमत होय. सोडलेली वस्तू बहुधा दृष्टीआड असते आणि तिचा धनीही समोर बसलेला नसतो. म्हणूनच तिची आठवण करून देण्याचें काम एखाद्या शास्त्राकडे सोंपवावें लागतें. जिवापुढें पैसा क्षुद्र आहे हें खरेंच; पण येथें तुलना जीव आणि पैसा यांच्यांत नसून एक जीव आणि दुसरा जीव यांच्यांत असते.

तेव्हां आरोग्य-अर्थशास्त्र म्हणजे काटकसरीचें शास्त्र, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. कमी खर्च करा असें तें सांगत नाहीं. खर्चिलेल्या प्रत्येक रुपयाचें आरोग्य किती झालें, एवढेंच तें विचारतें.

याचा पहिला आणि सर्वांत सोपा नियम असा: दोन उपायांचा गुण सारखा असेल तर कमी खर्चाचा घ्यावा. नियम इतका उघड आहे कीं तो सांगण्यास शास्त्र कशाला हवें, असें वाटेल. पण ‘गुण सारखा’ हें ठरवावयाचें कसें, यांत सारी मख्खी आहे. त्याचें एक थोर उदाहरण आपल्याच देशांत घडलें.

क्षयरोग झाला कीं हवापालट, विश्रांति, सकस आहार आणि आरोग्यधामांत दीर्घकाळ वास्तव्य, ही गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वमान्य चिकित्सा होती. मिरज, पांचगणी या नांवांशीं त्या काळच्या किती कुटुंबांच्या आठवणी निगडित आहेत! घरांतील कर्ता मुलगा दीड दीड, दोन दोन वर्षें दूर राही. दागिने मोडले जात. आणि ज्यांना तेंही शक्य नसे ते खाटेची वाट पाहतच संपत. देशांत क्षयाचे रोगी लाखोंनीं होते, खाटा कांहीं हजार होत्या. अशा वेळीं १९५६ सालीं मद्रासेस क्षयरोग-चिकित्सेचें एक संशोधनकेंद्र निघालें. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनीं मिळून तें चालविलें. तेथें एक साधा पण धाडसी प्रश्न विचारण्यांत आला: आयसोनायाझिड व पॅस हीं नवीं औषधें हातीं आलीं असतांना आरोग्यधामाची गरज खरोखर उरली आहे काय?

सुमारें दोनशें गरीब रोगी घेऊन, कोणी घरीं राहावें व कोणी आरोग्यधामांत जावें हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें केवळ योगायोगावर ठरविण्यांत आलें. औषधें दोघांनाही तींच, वर्षभर. आरोग्यधामांतील रोग्यांना चांगलें अन्न, विश्रांति, मोकळी हवा आणि परिचारिकांची देखरेख मिळाली. घरीं राहिलेले मात्र दाटीवाटीच्या खोल्यांत, अपुऱ्या अन्नावर आणि पुष्कळदां कामधंदा करीत राहिले. १९५९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. वजन आरोग्यधामांतील लोकांचें अधिक वाढलें होतें. परंतु रोग शमण्याच्या बाबतींत दोन्ही गट जवळजवळ बरोबरीचे ठरले. घरच्या माणसांना लागण होईल ही मोठी धास्ती होती. पुढील कांहीं वर्षें त्यांच्यावरही लक्ष ठेवण्यांत आलें, तेव्हां घरीं उपचार घेतलेल्या रोग्यांच्या कुटुंबियांना अधिक धोका पोंचला नाहीं असें आढळलें. जो काय धोका होता तो बहुतेक उपचार सुरू होण्यापूर्वींचाच होता.

या एका प्रयोगानें साऱ्या जगाची क्षयचिकित्सा बदलली. आरोग्यधामें हळूहळू ओस पडलीं. आणि एका खाटेच्या खर्चांत अनेक घरीं औषध पोंचवितां येऊं लागलें. लक्षांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, संशोधकांनीं स्वस्त उपाय ‘गरिबांस पुरेसा आहे’ असें गृहीत धरलें नाहीं. त्यांनीं तो महाग उपायाशेजारीं ठेवून कसोटीस लावला, आणि मगच त्याचा पुरस्कार केला. गुणाचा पुरावा आधीं, किंमतीची तुलना मागून, हा क्रम त्यांनीं कधींही उलटा होऊं दिला नाहीं.

अलीकडचें दुसरें उदाहरण डोळ्यांचें आहे. वार्धक्यांत दृष्टिपटलाच्या मध्यभागीं नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढून दृष्टि जाते. त्यावर रॅनिबिझुमॅब नांवाचें इंजेक्शन डोळ्यांत देतात. त्याचेंच भावंड म्हणतां येईल असें बेव्हॅसिझुमॅब हें औषध कर्करोगासाठीं निघालेलें आहे. अमेरिकेंत सरकारी खर्चानें दोहोंची समोरासमोर तुलना करण्यांत आली, तेव्हां २०११ सालीं असें दिसून आलें कीं वर्षअखेर रोग्यांची दृष्टि दोन्ही औषधांनीं सारखीच सुधारते. तेव्हां तेथें एका मात्रेला एकास सुमारें २,००० डॉलर पडत, दुसऱ्यास सुमारें ५०. अर्थात् मोठ्या कुपींतून लहान मात्रा काढतांना निर्जंतुकतेची कडक काळजी घ्यावी लागते. तेथें हयगय झाली तर स्वस्ताई डोळ्याच्या मुळावर येईल. स्वस्त औषधाचा हिशेब करतांना अशी जोखीमही जमेस धरावीच लागते.

याच नियमांत मूळ नांवाच्या, म्हणजे जेनेरिक औषधांचा प्रश्न येतो. एकाच द्रव्याची गोळी दहा कंपन्या दहा नांवांनीं विकतात आणि त्यांच्या किंमतींत कित्येक पटींचें अंतर असतें. डॉक्टरांनीं शक्य तोंवर औषधाचें मूळ नांव लिहावें, असें आपल्याकडील वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांत सांगितलें होतें, आणि तें सुवाच्य, मोठ्या अक्षरांत लिहावें अशी दुरुस्ती २०१६ सालीं झाली. २००८ सालापासून सरकारी जनौषधि दुकानेंही निघालीं. तरी लोकांच्या मनांत शंका राहते कीं स्वस्त तें कमअस्सल असेल. ही शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. औषधांच्या गुणाची तपासणी जितकी काटेकोर, तितकीच स्वस्त औषधावरील श्रद्धा दृढ. म्हणजे प्रयोगशाळा आणि तपासनीस यांच्यावर होणारा सरकारी खर्च हाही शेवटीं प्रत्येक घराच्या औषधखर्चांतील बचतच आहे. परंतु नांव मोठें म्हणून गोळी चांगली, हा तर्क मात्र कोठल्याही कसोटीवर टिकणारा नाहीं.

आतां जरा अवघड भागाकडे वळूं. नवें औषध जुन्यापेक्षां थोडें अधिक गुणकारी आणि बरेंच अधिक महाग असेल तर काय करावें? येथें ‘कितीनें अधिक गुणकारी?’ हा प्रश्न योग्य रीतीनें विचारतां आला पाहिजे. समजा, एका गोळीची जाहिरात सांगते कीं, ‘हृदयविकाराचे झटके एकतृतीयांशानें कमी होतात.’ वाक्य खरें आहे असेंच धरूं. पण एकतृतीयांश कशाचा? ज्यांना पुढील दहा वर्षांत झटका येण्याचा संभव शंभरांत तीन इतकाच आहे, अशा शंभर माणसांनीं ती गोळी दहा वर्षें घेतली तर तिघांऐवजीं दोघांना झटका येईल. म्हणजे शंभर माणसांनीं दहा वर्षें गोळ्या खाव्या तेव्हां एकाचा झटका टळावयाचा. उरलेल्या नव्याण्णवांना त्या गोळीनें या बाबतींत कांहींच दिलें नाहीं. गोळीला दिवसाला दहा रुपये पडतात असें मानलें तर एका माणसाचा दहा वर्षांचा खर्च ३६,५०० रुपये, आणि शंभरांचा साडेछत्तीस लाख. एक झटका टाळण्याची ही किंमत झाली.

तीच गोळी आतां अशा लोकांना द्या कीं ज्यांना एकदां झटका येऊन गेला आहे आणि पुढील दहा वर्षांत तो पुन्हां येण्याचा संभव शंभरांत तीस आहे. एकतृतीयांश तोच, पण तिसांचे वीस होतात. शंभरांत दहा झटके टळले, म्हणजे दहा माणसांमागें एक. खर्च तीन लाख पासष्ट हजार. गोळी तीच, दुकान तेंच, किंमत तीच. परंतु एका रोग्याच्या बाबतींत ती दुसऱ्यापेक्षां दहापट स्वस्त ठरली. आणि हीच गोळी दिवसाला दोन रुपयांनीं मिळाली तर हे आंकडे सात लाख तीस हजार आणि त्र्याहत्तर हजार असे खालीं येतात. टळलेल्या झटक्यामुळें वांचलेला इस्पितळाचा खर्च यांतून वजा करावा लागेल, तें वेगळें. हे आंकडे मीं समजुतीसाठीं कल्पिलेले आहेत. पण त्यांतील न्याय कल्पित नाहीं. अमुक औषध महाग कीं स्वस्त, हा प्रश्न त्यामुळें अपुराच राहतो. तें कोणाला द्यावयाचें आहे, हें कळल्यावांचून त्याला उत्तर नाहीं. जाहिराती नेहमीं ‘एकतृतीयांश’ सांगतात. डॉक्टरानें ‘शंभरांत किती’ हें विचारावें.

याला जोडूनच सरासरी आणि सीमांत खर्च यांतील भेद ध्यानांत ठेवावा. तहानलेल्याला पाण्याचा पहिला पेला अमृत, सहावा पेला ओझें. तपासण्यांचेंही तसेंच आहे. मोठ्या आंतड्यांतील कर्करोग हुडकण्यासाठीं मलाची रक्तपरीक्षा एकामागून एक सहा वेळां करावी, अशी एक शिफारस अमेरिकेंत होती. न्यूहाउझर आणि लुइकी या दोघांनीं १९७५ सालीं तिचा हिशेब मांडला. सहाही तपासण्या मिळून सांपडलेल्या प्रत्येक रोग्यामागें सरासरी खर्च २,४५१ डॉलर निघाला. हा आंकडा वाजवी दिसतो. पण पांच तपासण्यांत जे सांपडावयाचे ते जवळजवळ सर्व सांपडून गेले होते. म्हणून केवळ सहाव्या तपासणीनें एक जास्तीचा रोगी शोधण्यास ४ कोटी ७१ लाख डॉलर पडले असते. त्यांच्या गृहीतकांवर पुढें टीका झाली आणि आंकड्याबद्दल वाद आहे. तरीही तत्त्व अबाधित राहिलें: सरासरी चांगली दिसते म्हणून शेवटचें पाऊल शहाणपणाचें ठरत नाहीं. एवीतेवीं रक्त काढतांच आहां तर आणखी चार तपासण्या करून घ्या, असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

परंतु सर्वच रोगांत झटके किंवा मृत्यु मोजून भागत नाहीं. गुडघ्याचें दुखणें माणसाला मारीत नाहीं, पण जिणें नकोसें करतें. मग गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि कर्करोगाचें औषध यांची तुलना कोणत्या मापानें करावी? यासाठीं शास्त्रज्ञांनीं ‘गुणवत्तेनें तोललेलें आयुष्यवर्ष’ हें माप काढलें. निरोगी स्थितींतील एक वर्ष म्हणजे एक. अर्ध्या गुणवत्तेचीं चार वर्षें म्हणजे दोन. इंग्लंडांत १९९९ सालीं नाइस नांवाची संस्था स्थापन झाली. ती नव्या उपचारांचें याच मापानें मूल्यमापन करून सरकारी आरोग्यसेवेनें ते घ्यावे कीं नाहीं याचा सल्ला देते. अशा एका वर्षामागें २०,००० ते ३०,००० पौंड ही मर्यादा तिनें अनेक वर्षें साधारणपणें पाळली. आपल्याकडेही २०१७ सालीं केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागानें अशाच कामासाठीं स्वतंत्र यंत्रणा उभारली.

या मापाला दोषही आहेत, आणि ते लहान नाहींत. वृद्धांचीं उरलेलीं वर्षें थोडीं, म्हणून त्यांच्या उपचाराचें मोल कमी भरतें. अपंगाचें आयुष्य ‘उण्या गुणवत्तेचें’ ठरविण्याचा अधिकार धडधाकटांना कोणी दिला, हाही प्रश्न रास्त आहे. म्हणून हें माप तराजूसारखें वापरावें, न्यायाधीशासारखें नव्हे. तराजू वजन सांगतो. काय घ्यावें हें घेणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें. पण तराजूच फेकून दिला तर निवड बंद होत नाहीं. ती अंदाजानें, वशिल्यानें किंवा ज्याचा आवाज मोठा त्याच्या सोयीनें होऊं लागते.

आतां हिशेब कोणाच्या वहीनें करावयाचा? इस्पितळाच्या वहींत जें स्वस्त, तें रोग्याच्या वहींत महाग असूं शकतें. फुकट औषधासाठीं दर आठवड्यास तीस मैलांवरून यावें लागत असेल तर एस.टी.चें भाडें, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या मुलीची चुकलेली शाळा, हा सर्व त्या ‘फुकट’ औषधाचाच खर्च होय. आपल्या देशांत तर रोग्याची वही विशेष महत्त्वाची. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणें २०१३-१४ सालीं देशांतील एकूण आरोग्यखर्चांपैकीं शेंकडा ६४.२ खर्च लोकांनीं थेट आपल्या खिशांतून केला होता. २०२१-२२ सालीं हें प्रमाण शेंकडा ३९.४ इतकें खालीं आलें. सुधारणा मोठी खरी; पण त्या सालींही शंभरांतील जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणसाच्या घरांतूनच आले, हेंही तितकेंच खरें.

मग रोग्याकडून पैसे घेतलेच नाहींत तर? अमेरिकेंत रँड संस्थेनें १९७४ ते १९८२ या काळांत हजारों लोकांवर हा प्रयोग केला. कांहींना सर्व उपचार मोफत, कांहींना खर्चाचा लहानमोठा वाटा स्वतः द्यावा लागे. ज्यांना सर्वांत मोठा वाटा द्यावा लागे त्यांनीं मोफतवाल्यांपेक्षां सुमारें शेंकडा ३० कमी खर्चाच्या सेवा घेतल्या, आणि बहुतेकांच्या प्रकृतीवर त्याचा लक्षणीय परिणाम झाला नाहीं. पण दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत. लोकांनीं जरुरीच्या आणि बिनजरुरीच्या अशा दोन्ही सेवा सारख्याच कमी केल्या. आणि गरीब रक्तदाबाच्या रोग्यांना मात्र मोफत उपचारांचाच स्पष्ट फायदा झाला. म्हणजे किंमत ही आंधळी कात्री आहे. कोणता कपडा कापावा हें तिला कळत नाहीं. तें डॉक्टरला कळलें पाहिजे.

आणखी एक खर्च असा आहे कीं तो ना डॉक्टरच्या वहींत येतो, ना रोग्याच्या. साध्या सर्दीपडशावर प्रतिजैविक औषध लिहिलें तर रोग्याला पन्नास-शंभर रुपयांपलीकडे तोशीस पडत नाहीं. सर्दी विषाणूची, तिच्यावर तें औषध चालत नाहीं. परंतु अशा लाखों चिठ्ठ्यांमुळें जंतू त्या औषधाला सरावतात, आणि उद्यां एखाद्या बाळंतिणीच्या किंवा शस्त्रक्रियेच्या रोग्याच्या रक्तांत जंतू शिरले असतां तेंच औषध निरुपयोगी ठरतें. पेनिसिलिनच्या अपुऱ्या मात्रेनें जंतू निर्ढावतील, असा इशारा खुद्द फ्लेमिंगनें १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत दिला होता. शंभर रुपयांची ही चिठ्ठी म्हणून स्वस्त नव्हे. तिचें बिल भलत्याच माणसाच्या नांवानें फाटतें, एवढेंच.

शेवटीं, सर्वांत किफायतशीर उपाय पुष्कळदां सर्वांत साधे असतात, हेंही सांगितलें पाहिजे. १९७१ सालीं बांगला निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीची सांथ आली आणि शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, साखर व सोडा यांचें पाणी पिंपांत भरून रोग्यांच्या नातेवाइकांकरवीं पाजण्याची व्यवस्था केली. मृत्यूचें प्रमाण, जें पूर्वीं शेंकडा ३० च्या घरांत होतें, तें शेंकडा ४ च्याही खालीं आलें. चरकानें औषधाच्या गुणांत ‘बहुता’, म्हणजे विपुल उपलब्धता, ही गणली आहे. जें औषध मिळतच नाहीं किंवा परवडत नाहीं, त्याची शक्ति कितीही असो, रोग्यापुरती ती शून्यच.

तेव्हां चिठ्ठी लिहिणारानें लेखणी उचलण्यापूर्वीं मनाशीं पांच प्रश्न विचारावे. औषधाची गरज आहे काय? तितकाच गुण देणारें स्वस्त औषध आहे काय? अधिक महाग औषध लिहीत असल्यास, या विशिष्ट रोग्याला शंभरांत कितीनें अधिक लाभ? खर्च कोण करणार आणि तो त्याला किती दिवस झेपणार? आणि या चिठ्ठीचा भार तिसऱ्याच कोणावर पडणार नाहीं ना? आणि रोग्यानेंही, किंवा त्याच्यासोबत आलेल्या माणसानें, भीड सोडून विचारावें: हें न घेतल्यास काय होईल, हें किती दिवस घ्यावयाचें आणि याहून कमी खर्चाचें चालेल काय? असें विचारण्यांत डॉक्टरचा अपमान नाहीं. त्या निवृत्त कारकुनांच्या पत्नींनीं त्या दिवशीं तोंड उघडलें नसतें तर मीं चवथें औषध लिहून दिलें असतें, आणि त्यांनीं तें बहुधा तीन दिवसांआड घेतलें असतें.

वाग्भटाचा रोगी आढ्य होता. आमच्यापुढें येणारे बहुतेक तसे नसतात, आणि तो त्यांचा दोष नव्हे. त्यांच्या ठिकाणीं जो गुण कमी पडतो, तो वैद्यानें आपल्या विचारानें भरून काढावा, एवढेंच या शास्त्राचें मागणें आहे.